नामशेष घोरपडींचा पिरॅमिड

एका जंगलात सगळं काही होतं. ओढा होता, करवंदाच्या जाळ्या होत्या, दुपारी लोळायला सावली होती. एकच गोष्ट नव्हती. त्या जंगलातल्या एकानेही अजून पिरॅमिड पाहिला नव्हता.

बालमित्रांनो, हसू नका. हे दुःख लहान नाही. कारण शेजारच्या जंगलातली माकडं पिरॅमिड पाहून आली होती, आणि आल्यापासून गप्प बसत नव्हती. पाणवठ्यावर गाठ पडली की त्यांचं सुरू व्हायचं. “काय? तुम्ही अजून गेला नाहीत? अहो, जाऊन या. जन्माला आल्यासारखं एकदा तरी पाहावं.” असं म्हणायचं आणि दात दाखवायचे.

रानडुक्कर दादासाहेबांना त्या दातांचा फार त्रास होई. दादासाहेब म्हणजे जंगलातलं बडं प्रस्थ. सगळ्यात मोठा चिखल त्यांच्या मालकीचा होता. त्यांच्या पत्नी माईसाहेब तर या दुःखाने जेवेनाशा झाल्या. म्हणजे तीन वेळा जेवत, पण चौथ्यांदा बोलावलं की नको म्हणत.

अशा वेळी मदतीला धावून येतो तो सहलवाला. या जंगलात तो मान मुंगूसभाऊंचा होता. मुंगूसभाऊ सहली काढत. घरापासून लांब नेऊन प्रत्येकाला घरच्यासारखं वाटेल, अशी त्यांची हमी होती. मग घर सोडायचंच कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो मनातच ठेवा. मोठ्यांना असले प्रश्न विचारले की ते तुम्हाला शिबिराला पाठवतात.

“मंडळी, पिरॅमिड दाखवतो,” मुंगूसभाऊ म्हणाले. “तिन्ही वेळा आपल्या पद्धतीचं जेवण. करवंदाचं लोणचं सोबत. आणि प्रत्येकाला पुढची जागा.”

“माकडांनीही हेच पाहिलं ना?” दादासाहेबांनी विचारलं.

मुंगूसभाऊ धंद्यात मुरलेले होते. त्यांनी आवाज खाली आणला. “माकडांनी बाहेरून पाहिला, दादासाहेब. तुम्हाला मी आतून दाखवतो.”

झालं. त्या एका शब्दावर सहल भरली.

निघायच्या आधी सांबरसरांचं व्याख्यान झालं. सांबरसर जंगलातले विद्वान. डोक्यावर एवढी मोठी शिंगं असली की आत काय आहे हे कोणी विचारत नाही. पिरॅमिड त्यांनीही पाहिला नव्हता. पण त्यावाचून त्यांचं काही अडत नसे.

“तो पिरॅमिड महाघोरपडींनी बांधला,” सर म्हणाले. “केवढी थोर संस्कृती! केवढाले दगड! आत त्यांच्या महाराजांचं थडगं आहे. आणि मग, मंडळी, एके दिवशी ती संस्कृती नामशेष झाली.”

“नामशेष म्हणजे काय हो, सर?” ससेभाऊंनी विचारलं. ससेभाऊ स्वभावाने चांगले होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचा कोणालाही उपयोग होणार नाही.

“नामशेष म्हणजे आता त्यातली एकही उरलेली नाही. म्हणून तर त्या थोर!”

माईसाहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकं सुंदर रडू त्यांना कितीतरी दिवसांत आलं नव्हतं. तिथे जाऊन पुन्हा रडायचं, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं.

सहल उंटांवरून निघाली. उंटाला पुढची जागा एकच असते, हे निघाल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आलं. त्यामुळे पहिला मुक्काम भांडणात गेला. दुसऱ्या मुक्कामी वाटेत एक मोठी नदी लागली. तिच्यावर हजारो बगळे उतरले होते. पण तिकडे कोणी पाहिलं नाही, कारण त्याच वेळी लोणच्याची एक बरणी कलंडली होती. तिसऱ्या मुक्कामी तिथल्या हरणांनी पाहुण्यांपुढे ताजे खजूर ठेवले. माईसाहेबांनी ते दुरूनच हुंगले आणि विचारलं, “आपल्यातलं काही नाही का?”

शेवटी वाळूत पिरॅमिड दिसला. डोंगराएवढा, पायऱ्यापायऱ्यांचा. वरचं टोक ढासळलेलं, अंगावर उन्हाचा पिवळा रंग. हजारो वर्षं तो तिथे उभा होता. दादासाहेबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं.

“एवढाच?” ते म्हणाले.

मग फोटो निघाले. पिरॅमिडचं टोक चिमटीत धरल्याचा फोटो प्रत्येकाने काढला. दादासाहेबांना बोटं नाहीत. त्यांनी ते दोन सुळ्यांच्या मधे धरलं. तुम्हीही असा फोटो काढला आहे, मला माहीत आहे. बाजूच्याने ‘अजून थोडं डावीकडे’ म्हणून सांगायचं आणि आपण वाळूत वेड्यासारखं हात वर करून उभं राहायचं. तुमच्या आईने तो दिवाणखान्यात लावला आहे.

फोटो काढता काढता माईसाहेब खालच्या पायरीवर चढल्या आणि किंचाळल्या.

“अगंबाई, पाल!”

पाल नव्हती. पायरीवर एक घोरपड पोट टेकून पडली होती. तिचं नाव येसाक्का. तिने एक डोळा उघडला.

“पावणं, जरा सरका की बाजूला,” ती म्हणाली. “तुमच्या सावलीनं ऊन अडतंया.”

“ही कोण?” दादासाहेबांनी विचारलं.

“ही इथली स्थानिक,” मुंगूसभाऊ म्हणाले.

बालमित्रांनो, स्थानिक म्हणजे जो तिथेच जन्मतो, तिथेच राहतो आणि म्हणून ज्याला तिथलं काही कळत नाही असा प्राणी. आपण आपल्या गावात असलो की स्थानिक नसतो. आपण तिथे नागरिक असतो.

येसाक्का उठून बसली. ती मोठी बोलकी होती, आणि बऱ्याच दिवसांत तिच्याशी बोलायला कोणी आलं नव्हतं. “मी ऊन साठवतीया,” ती म्हणाली. “आमच्या अंगात सोताची ऊब न्हाई बघा. दिसभर उन्हात पडायचं, अंग तापवायचं, आनि सांजंला आत जाऊन अंड्यांला कवळ घालायची. तीन अंडी हायती माजी. आता पुनवंला फुटत्याल.”

“आत कुठे?” ससेभाऊंनी विचारलं.

“ह्याच्यात की!” तिने पिरॅमिडवर शेपटी आपटली. “आमच्या आज्ज्या-पणज्यांनी रचलंया. ह्यो दगूड दिसभर तापतो नि रातभर ऊब देतो. बाळंतिनीची खोली हाय ती, दादा. कवापासनं आमच्या समद्या बाया हितंच अंडी घालत्यात. आता मी येकलीच ऱ्हायलीया.”

सांबरसर मायेने हसले. विद्वान माणूस चिडत नाही. तो मायेने हसतो, आणि ते जास्त लागतं.

“बाई, हे थडगं आहे,” ते म्हणाले. “आणि घोरपडी नामशेष झाल्या आहेत.”

“मग मी कोन?”

“ते आपण नंतर पाहू,” सर म्हणाले.

माईसाहेब मात्र नाराज झाल्या. नामशेष झालेल्यांसाठी त्यांनी रडू राखून ठेवलं होतं. समोर त्यांतलीच एक बसून ऊन मागायला लागली, तर रडायचं कसं? त्यांनी येसाक्काकडे पाठ केली आणि फोटोत फक्त दगड येतील अशी जागा शोधली.

आता सगळे आत जायला निघाले. पिरॅमिडच्या पोटाशी एक लहान दार होतं. ते चिखलाने नीट लिंपलेलं होतं, आणि त्या लिंपणावर मधोमध पाच नखांचा एक ठसा होता. घोरपडींची ती रीतच आहे. अंडी घातली की दार लिंपायचं आणि ओल्या चिखलावर आपला पंजा उमटवायचा. कडेला एक चीर ठेवायची, आईला सरपटत आतबाहेर करता येईल एवढीच. तिच्यावर एक चपटा दगड सरकवायचा, म्हणजे गार वारा आत शिरत नाही.

येसाक्का दारासमोर आडवी झाली. आता ती बोलकी राहिली नव्हती.

“ह्ये उघडू नगा,” ती म्हणाली. “पाया पडते तुमच्या. ऊब गेली तर पिल्लं मरत्याल. पुनव होऊ द्या, मग या. मी सोता दार फोडीन. पिल्लं दावीन तुमास्नी.”

“पिल्लं आमच्याकडेही आहेत,” दादासाहेब म्हणाले. “घरभर आहेत. पिल्लं बघायला एवढ्या लांब कोण येतं? मुंगूसभाऊ, तुम्ही आतून म्हणाला होतात.”

“आतून म्हणाला होतात,” सगळे म्हणाले.

मुंगूसभाऊंनी येसाक्काकडे पाहिलं आणि मंडळींकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं. पण सहलवाल्याला एकाच गोष्टीची भीती असते. ती म्हणजे परत गेल्यावर पाणवठ्यावर होणारी तक्रार. येसाक्का पाणवठ्यावर येणार नव्हती.

तोवर सांबरसर दाराजवळ पोचले होते. “लिपी!” ते ओरडले. “प्राचीन लिपी! मी वाचून दाखवतो. ‘जो हे दार उघडील, त्याला...’ पुढचं पुसट झालं आहे.”

“लिपी कशाची? माजा पंजा हाय त्यो,” येसाक्का म्हणाली. तिने पंजा उचलून त्या ठशात ठेवला. पाची नखं पाच खाचांत चपखल बसली.

सगळ्यांनी ते पाहिलं. ससेभाऊ तर एक पाऊल मागे सरले.

“पाहिलंत?” सर म्हणाले. “लोककला अजून जिवंत आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी येसाक्काला पुन्हा एकदा पंजा ठेवायला सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याचा मोबाइल तयार नव्हता.

मग दादासाहेबांनी मान खाली घातली आणि मुसंडी मारली. दार फुटलं.

आत काय होतं? अंधार होता आणि ऊब होती. थडगं नव्हतं. सोनं नव्हतं. महाराजही नव्हते. मंडळींची निराशा झाली. “किती उकडतंय,” माईसाहेब म्हणाल्या. “पंख्याची सोय करायला काय झालं होतं यांना?” मधोमध वाळूच्या आळ्यात तीन पांढरी अंडी होती.

“दगड झालेली अंडी!” सांबरसर पुढे सरसावले. “हजारो वर्षांपूर्वीची! महाघोरपडींची शेवटची खूण!”

ससेभाऊंनी एका अंड्याला हात लावला. “सर, गरम आहे हे.”

“उन्हाने.”

“सर, आतून काहीतरी हललं.”

“तुमचा हात थरथरतोय. इतिहासाला हात लावला की थरथरतो. माझाही थरथरला असता.”

ससेभाऊंनी हाताकडे पाहिलं. हात थरथरत नव्हता. पण सर म्हणाले म्हटल्यावर त्यांनी तो थोडा थरथरवला.

अंडी तिथे ठेवायची नाहीत, असं एकमताने ठरलं. ठेवली तर स्थानिक लोक नासधूस करतील, असं सर म्हणाले. माईसाहेबांनी उदार मनाने लोणच्याची रिकामी बरणी दिली. ती पुसलीसुद्धा.

येसाक्का उंटामागे धावली. खोगिराच्या पट्ट्याला तिने पकडलं. घोरपडीची पकड तुम्हाला ठाऊक आहे. गड चढायला वापरायचे म्हणे. ती सुटेना. तिला ओढून झालं, हिसडून झालं. शेवटी मुंगूसभाऊ खाली वाकले आणि गोड आवाजात म्हणाले, “बाई, तुमची जागा धरलेली नाही हो. दुसऱ्याची गैरसोय होते.” मग दादासाहेबांनी तिच्या पंजावर पाय दिला, तेव्हा ती सुटली.

जंगलात केवढं स्वागत झालं! माकडांना ते पाहवेना. त्यांच्याकडे टोक धरल्याचे नुसते फोटो होते. इथे तर अख्खी संस्कृती बरणीतून आली होती. ओढ्याकाठच्या गुहेत संग्रहालय उघडलं. ती गुहा जंगलातली सगळ्यात गार जागा. “जुन्या वस्तू उबेत बिघडतात,” सांबरसर म्हणाले. अंडी एका शिळेवर मांडली. पुढे वेलीचा दोर बांधला. वर पाटी लावली, ‘नामशेष महाघोरपडींची अंडी. हात लावू नये.’

आणि रांग लागली. अशी रांग की गुहेपासून ओढ्यापर्यंत, आणि ओढ्यापासून करवंदाच्या जाळ्यांपर्यंत. सगळी सावलीतून. पुढे गेलं की दोराशी क्षणभर उभं राहायचं, तोवर माईसाहेब म्हणत, “चला पुढे, चला पुढे.” त्या तिथे सेवा करत होत्या.

पुनवेला थोडे दिवस होते, तेव्हा येसाक्का जंगलात पोचली. वाळू, नदी, डोंगर, सगळं चालत आली होती. एक पंजा सुजला होता. अंगाची नुसती कातडी उरली होती. पण आल्या आल्या तिने पहिलं काम काय केलं माहीत आहे? ती कड्यावरच्या उन्हात जाऊन पडली. अंग चांगलं तापवून घेतलं. मग गुहेकडे धावली.

“रांगेत या, रांगेत,” सगळे ओरडले.

“माजी अंडी हायती आत. आई हाय मी त्येंची. अंगातली ऊब जाईल हो.”

“आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत? रांग म्हणजे रांग.”

बालमित्रांनो, या जंगलात कोणी काय वाटेल ते करावं. दुसऱ्याचं दार फोडावं, अंडी उचलून आणावीत. पण रांग मोडलेली कोणाला खपत नसे. तिथे सगळे एकदम न्यायप्रिय होत.

येसाक्का रांगेच्या शेवटी उभी राहिली. सावलीत रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. दोराशी पोचली तेव्हा तिचं अंग गुहेतल्या दगडाइतकंच गार झालं होतं. तरी ती दोराखालून आत शिरली आणि तिन्ही अंड्यांना कवळ घालून बसली. गार अंगाची गार अंड्यांना कवळ. माईसाहेबांनी तिला शेपटीला धरून बाहेर काढलं. “पाटी दिसत नाही का?” त्या म्हणाल्या. “असल्या लोकांमुळेच काही टिकत नाही.”

दुसऱ्या दिवशी येसाक्का पुन्हा कड्यावर पडली, पुन्हा धावली. रांगेत तिला पुढे ससेभाऊ दिसले. ते दुसऱ्यांदा अंडी पाहायला आले होते. त्यांना राहवत नव्हतं.

“दादा, तुमी हात लावला व्हता,” ती म्हणाली. “तुमास्नी ठावं हाय. तुमची जागा तेवढी द्या मला. अजून अंग ऊन हाय माजं, हे बगा.”

तिने त्यांच्या हातावर पंजा ठेवला. पंजा खरंच गरम होता. ससेभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं होतं ना, स्वभावाने चांगले होते.

“दिली असती हो,” ते हळूच म्हणाले. “पण मागचे ओरडतील.”

ती रोज येत राहिली. रोज कड्यावर ऊन घ्यायची आणि रोज ते रांगेत सांडायची. मग पुनव आली. त्या दिवशी सांबरसर विशेष पाहणीला आले. त्यांनी एक अंडं उचललं आणि शिळेवर हलकेच आपटलं. टक्क. दुसरं आपटलं. टक्क. तिसरं कानाशी धरून हलवलं. आत काहीही हललं नाही.

“मंडळी, आता शंकाच नको,” सर म्हणाले. “दगड! मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

रांगेने टाळ्या वाजवल्या. ससेभाऊंनीही वाजवल्या, आणि त्यांना मोठा दिलासा मिळाला. म्हणजे त्या दिवशी हातच थरथरत होता.

येसाक्का रांगेतून बाहेर आली. तिला आता कोणी अडवलं नाही. ती कड्यावर गेली आणि सवयीने उन्हात पडली. अंग तापलं. खूप तापलं. आणि ती ऊब घेऊन आता कुठे जायचं, हे तिला कळेना. ती तिथेच पडून राहिली. संध्याकाळी ऊन उतरलं, तरी ती उठली नाही. पुढे पावसाळ्यात तिथे गवत उगवलं.

संग्रहालय अजून चांगलं चालतं. माईसाहेब आता माहिती सांगण्याचंही काम करतात. शेवटच्या वाक्याला दर वेळी त्यांना तेच सुंदर रडू येतं. “कशा बरं नामशेष झाल्या असतील बिचाऱ्या?” त्या म्हणतात. “कोणालाच माहीत नाही. आज एक जरी जिवंत असती, तर मी तिला घरी बोलावून माझ्या हातचं लोणचं वाढलं असतं.”

आणि सगळी रांग डोळे पुसते.

तात्पर्य : ज्यांच्या नावाने हळहळायचं म्हणून आपण एवढ्या लांब गेलो, ते तिथे जिवंत सापडले, तर सहल वाया गेली असं समजू नये. थोडा धीर धरावा, आणि रांग मोडू देऊ नये.